किडनी गेली म्हणजे संसार संपला का?

या पानावर शुगर, बीपी, बाळंतपण, रक्तक्षय असे विषय येत असतात. आज आम्ही ज्या विषयावर लिहितो आहोत तो वाचून काही घरांत हे मासिक उशीखाली सरकवलं जाईल. तरीही लिहितो आहोत, कारण चिखलीच्या वस्त्यांमध्ये डायलिसिसवर असलेल्या माणसांच्या घरी जाताना एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. रुग्णाला वजन विचारलं जातं, पाणी किती प्यालात विचारलं जातं, लघवी किती होते विचारलं जातं. नवरा-बायकोचं घरात कसं चाललंय, हे कोणी विचारत नाही. मग कोणी बीपीच्या गोळ्या गुपचूप बंद करतो, कोणी भिंतीवरच्या जाहिरातीतल्या दवाखान्यातून पुड्या आणतो, आणि कोणी एक दिवस म्हणतो, "आता मले मशीनवर नाही जायचं."

आमच्या गटात आशाताई आहेत, महिला मंडळाच्या बाया आहेत, आणि नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात उभ्या राहिलेल्या आम्हीही आहोत. आमचं म्हणणं एवढंच आहे की शरीरसंबंधाबद्दल आणि मनाबद्दल विचारणं हे वजन-बीपी तपासण्याइतकंच उपचाराचं काम आहे, आणि त्याची सुरुवात दवाखान्याने करायला हवी. रुग्ण आपणहून बोलेल म्हणून वाट पाहत बसलो तर तो बोलणार नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात किडनीचा विषय निघाला की सगळे घाटाखाली बोट दाखवतात. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडची खाऱ्या पाण्याची गावं, तिथले किडनीचे रुग्ण, या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. चिखली घाटावर, त्या पट्ट्याच्या बाहेर. म्हणून आपण सुटलो असं मात्र नाही. शुगर आणि बीपी ही किडनी जाण्याची दोन मोठी कारणं आहेत, आणि ती घाट पाहून थांबत नाहीत. त्यात अंगदुखीवर रोज एक गोळी खाऊन कामावर जाणारे आपले हमाल, मिस्त्री, शेतमजूर. वर्षानुवर्षे खाल्लेल्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनीही किडनी खराब होते.

मशीन लागली की आठवडा तिच्याभोवती फिरतो. आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास, असा साधारण नियम. पण चिखलीहून बुलढाण्याला किंवा संभाजीनगरला जायचं तर रुग्णाबरोबर घरातल्या एकाची मजुरीही बुडते, म्हणून पुष्कळजण दोनदावरच भागवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. या योजना नसत्या तर आपल्या वस्तीतली कित्येक माणसं आज दिसली नसती. पण हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. तीनदा डायलिसिस झालं तरी मशीनवर १२. उरलेले १५६ तास माणूस घरी असतो, आणि त्या घराबद्दल फाइलमध्ये एक ओळ नसते.

आधी पुरुषांचं बोलू. डायलिसिसवरच्या पुरुषांपैकी अर्ध्याहून अधिकांना लिंगात ताठरता न येण्याचा किंवा ती न टिकण्याचा त्रास होतो. हा आकडा डॉक्टरी पुस्तकांत आहे, पण ज्याला त्रास होतो त्याला वाटतं की जगात आपण एकटेच. त्याची कारणं शरीरात असतात. किडनी निकामी झाली की पुरुषी संप्रेरक कमी होतं आणि प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं संप्रेरक वाढतं. रक्त कमी होतं. शुगरने आणि बीपीने बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब झालेल्या असतात. चार तास मशीनवर बसून आलेला माणूस पिळलेल्या कपड्यासारखा होऊन येतो. यात मर्दानगीचा काय संबंध? हिमोग्लोबिन सात असलेल्या माणसाला जिना चढता येत नाही म्हणून आपण त्याला नामर्द म्हणतो का?

गोळ्यांचाही वाटा असतो. डायलिसिसच्या रुग्णाला बीपीसाठी क्लोनिडीन बरेचदा दिली जाते, एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल दिल्या जातात. यांनी काहीजणांची इच्छा आणि ताठरता कमी होते. मळमळीवर दिल्या जाणाऱ्या डोम्पेरिडोनने प्रोलॅक्टिन वाढतं. हे रुग्णाला सांगितलेलं नसतं, पण त्याच्या लक्षात आलेलं असतं. चार माणसांत बसून तो एवढंच म्हणतो, "ती गोळी मले सोसत नाही." आणि ती सोडून देतो. हे फार धोक्याचं आहे. क्लोनिडीन एकदम बंद केली तर बीपी उसळून वर जातं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एटेनोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर हृदयावर ताण येतो. आणि खरं म्हणजे सोडायची गरजही नसते. डॉक्टरला नीट सांगितलं तर गोळी बदलता येते, मात्रा बदलता येते. बीपीची औषधं एकाच जातीची नसतात. पण डॉक्टरला सांगायचं तर तो विषय तोंडातून निघायला हवा ना.

तो निघत नाही म्हणून भिंतीवरची जाहिरात कामाला येते. एसटी स्टँडच्या मुतारीपासून रेल्वेरुळाकडेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे गुप्तरोगाचे दवाखाने रंगवलेले असतात. तिथली पुडी कशाची, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं. काही भस्मांत पारा आणि शिसं असतं, काही पुड्यांत न सांगता इंग्रजी औषध मिसळलेलं असतं. निकामी किडनीला हे बाहेर टाकता येत नाही. थोडी लघवी होत असते, तीही जाते. हजारो रुपये घेऊन माणसाला आणखी आजारी करणाऱ्या या धंद्याबद्दल आमच्या मनात काडीची दया नाही.

इंग्रजी औषध आहे. सिल्डेनाफिल हे त्याचं नाव. डायलिसिसवरच्या माणसालाही ते देता येतं, पण कमी मात्रेपासून सुरू करून आणि डॉक्टरने हृदय तपासल्यावर. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी जो घेतो त्याने सिल्डेनाफिल कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून बीपी इतकं खाली जातं की माणूस दगावतो. मेडिकलवर जाऊन मित्राच्या सांगण्यावरून पाकीट आणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. बाकी पुष्कळदा औषधाआधी साध्या गोष्टींनीच फरक पडतो. ठरलेलं डायलिसिस न बुडवणं, रक्तवाढीचं इंजेक्शन वेळेवर घेऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणणं, शुगर आवरणं, तंबाखू आणि दारू सोडणं.

आता बायांचं, ज्याबद्दल याहूनही कमी बोललं जातं. बाईची पाळी अनियमित होते किंवा थांबते, इच्छा मरते, योनीमार्ग कोरडा पडतो आणि संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं. एका ताईंनी आम्हाला सांगितलं की नवऱ्याला नाही म्हणायची भीती वाटते, आधीच त्याच्यावर खर्चाचं ओझं आहे. म्हणजे दुखत असताना ती ते उपकाराची फेड म्हणून सोसत होती. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारं जेल मेडिकलवर मिळतं, संप्रेरकांची तपासणी करता येते, जंतुसंसर्ग असेल तर बरा होतो. पण आधी घरात हे कळायला हवं की नको म्हणण्याचा तिला हक्क आहे, आजारी असताना आणि नसतानाही.

पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असंही समजू नका. डायलिसिसवर गर्भ राहणं क्वचित घडतं, पण घडतं, आणि ते आई-बाळ दोघांनाही जोखमीचं असतं. जवळजवळ रोज डायलिसिस करावं लागतं. शिवाय रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या बीपीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक आहेत. म्हणून मूल नको असेल तर निरोध वापरावा, तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. तांबीबद्दल डॉक्टरला विचारता येतं. बीपी असलेल्या बाईने माला-डीसारख्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. आणि मूल हवं असेल तर तेही आधी डॉक्टरशी बोलूनच. किडनी बदलल्यावर पाळी काही महिन्यांत परत येते, पण निदान वर्षभर थांबायला सांगतात, आणि त्यानंतरच्या काही गोळ्याही गर्भाला चालत नाहीत.

किडनी बदलण्याचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट बोलून घेतो. अवयवदानाची सरकारी नोंद सांगते की १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या अवयव प्रत्यारोपणांत पाचांपैकी चार अवयव पुरुषांना मिळाले. आणि जिवंतपणी देणाऱ्यांत बाया जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. नवरा मशीनवर गेला की बायको दोन घरची धुणीभांडी करून त्याला बसने घेऊन जाते. बायको मशीनवर गेली की "काही दिवस माहेरी राहू दे" असं ठरतं, आणि ते काही दिवस संपत नाहीत. दुसऱ्या लग्नाची कुजबुज ऐकलेल्या बाया आम्हाला माहीत आहेत. आपण बौद्ध, आपल्याकडे बाईला समान मान, असं आपण स्टेजवरून म्हणतो. ते मशीनवरच्या बाईच्या घरी जाऊन तपासायला हवं.

वस्तीतल्या समजुतींबद्दल थोडं. "संबंध ठेवला की उरलीसुरली किडनीही जाते." खोटं. "धातू गेला की रक्त जातं." हेही खोटं. साधारण दोन जिने न धापता चढू शकणाऱ्या माणसाच्या हृदयाला शरीरसंबंधाचा ताण सोसतो. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल तर आधी तपासून घ्यावं. डायलिसिसच्या दिवशी अंगात त्राण नसतं, त्यापेक्षा दुसरा दिवस बरा. फिस्टुलाच्या हातावर अंगाचा भार येऊ देऊ नये. मानेत किंवा छातीवर नळी असेल तर पट्टी कोरडी राहील, नळीला ओढ बसणार नाही एवढं पाहावं. जांघेत नळी असेल तर ती निघेपर्यंत थांबावं. बस, एवढेच नियम.

आजार चिकटतो म्हणून बऱ्याच घरांत रुग्णाचं ताट-पेला वेगळा केलेला दिसतो. किडनी निकामी होणं हा संसर्ग नाही. डायलिसिसवर कावीळ बी किंवा सी होण्याचा धोका असतो हे खरं, म्हणून रुग्णाची तपासणी ठराविक काळाने होते. बी कावीळ शरीरसंबंधातून पसरते, तेव्हा रुग्णाच्या जोडीदाराने तपासणी करून तिची लस घ्यावी, तोवर निरोध वापरावा. पण यातली कुठलीच कावीळ एका ताटात जेवल्याने होत नाही. वेगळ्या पेल्याचा अर्थ काय असतो हे आपल्या आजा-आजीने भोगलं आहे. तो पेला आपल्याच घरात, आपल्याच माणसासाठी परत यावा?

घरही छोटं असतं. एका खोलीत सासू, पोरं, आणि रुग्णाची खाट बाहेरच्या दाराशी, "हवा लागावी" म्हणून. त्या दिवसापासून नवरा-बायको एका खोलीत असून वेगळे होतात. अंगाला खाज, कातडी काळवंडलेली, तोंडाला वास, हातावर फुगलेली शीर. रुग्णाला स्वतःचीच लाज वाटते, आणि समोरच्याला वाटतं की याला आता आपण नकोत. खरं तर पुष्कळांना संबंधापेक्षा नुसतं जवळ बसणं हवं असतं. डोक्याला तेल लावून देणं, पाय चेपणं, रात्री हात हातात घेऊन झोपणं. सासूबाईंनी आठवड्यातून एक संध्याकाळ नातवंडांना घेऊन विहारात यावं, असं आम्ही गमतीने सांगतो. काही सासूबाई हसतात, काही खरंच येतात.

"असल्या गोष्टी मासिकात छापायच्या का?" असं विचारणाऱ्यांसाठी एक जुनी आठवण. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, डोक्यावर सगळ्या देशाचं राजकारण होतं, तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतलं. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं एवढ्याने लिखाण अश्लील ठरत नाही, ही बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, तोही नामंजूर झाला. दोन्ही वेळा हरले, पण बोलायचं त्यांनी टाळलं नाही. त्यांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात हा विषय बोलायला लाज कसली?

आता मनाचं. डायलिसिसवरच्या साधारण चार-पाच माणसांत एकाला खरं, उपचार लागणारं नैराश्य असतं. पहिले तीन महिने सगळ्यात कठीण, कारण तोवर माणसाला वाटत असतं की हे तात्पुरतं आहे, आणि मग कळतं की तसं नाही. कमावता माणूस खाटेवर आला, पोरांची फी थकली, बायको कामाला जाऊ लागली, आणि रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपतो. ही सगळी एकाच दोरीची गाठ आहे. शरीराची अडचण मनाला लागते, मन खचलं की शरीर आणखी साथ देत नाही. चिन्हं ओळखा. मुद्दाम जास्त पाणी पिणं, डायलिसिस बुडवणं, जेवणावरून वासना उडणं, रात्र रात्र जागणं, "माझ्यामुळे तुमचे हाल" असं वारंवार म्हणणं. मरणाचं बोलणं निघालं तर ते नाटक समजू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. नैराश्याची औषधं डायलिसिसवरही देता येतात, फक्त मात्रा डॉक्टरने ठरवायची.

आमची सरकारकडे मागणी फार महागडी नाही. एड्सच्या कामासाठी सरकारी दवाखान्यांत आयसीटीसीचे समुपदेशक नेमले आहेत. शरीरसंबंधाबद्दल न लाजता बोलायचं प्रशिक्षण त्यांना आहे. त्यांनी आठवड्यातून एक दिवस डायलिसिसच्या खोलीत बसावं. तिथल्या सिस्टर आणि टेक्निशियन यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा आम्हालाही हे कोणी शिकवलेलं नव्हतं. नर्सिंगच्या पुस्तकात असलेला तेवढा धडा वर्गात सगळ्यात लवकर संपायचा. दर तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या होतात, तेव्हाच प्रत्येक रुग्णाला, बाई असो वा पुरुष, लग्न झालेला असो वा नसो, दोन प्रश्न विचारावेत: झोप आणि मन कसं आहे, आणि संबंधात काही अडचण आहे का. प्रश्न सगळ्यांनाच विचारला की कोणाला आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटत नाही. पडदा ओढून, बाईला बाईने आणि पुरुषाला शक्यतो पुरुषाने विचारावं. पलीकडच्या खाटेवरचा गावातलाच निघतो, हे विसरू नये.

तोवर आपल्याला करता येईल असं एक काम आम्ही वस्तीत सुरू केलं आहे. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांनी चिठ्ठी लिहायची. "डॉक्टर, मला नवरा-बायकोच्या संबंधात अडचण आहे. गोळ्यांमुळे आहे का ते सांगा. एकट्यात बोलायचं आहे." एवढंच. लिहिता येत नसेल तर महिला मंडळाची बाई लिहून देते आणि कोणाजवळ बोलत नाही. चिठ्ठी डायलिसिसच्या फाइलमध्ये, चालू गोळ्यांच्या यादीला टाचून ठेवायची आणि डॉक्टर राउंडला आले की फाइल त्यांच्या हातात द्यायची. जोडीदार बरोबर येऊ शकला तर उत्तम. गोळ्यांची रिकामी पाकिटंही सोबत न्या, भिंतीवरच्या दवाखान्याची पुडी घेतली असेल तर तीही न्या आणि न लपवता दाखवा.